चार उन्हाळे नापास

माझ्या थोरल्या बहिणीच्या यजमानांइतक्या हुशारीने नापास होणारा माणूस उभ्या महाराष्ट्रात दुसरा सापडायचा नाही. उभा महाराष्ट्र म्हणतो खरा, पण तो तेव्हा नुकताच कुठे उभा राहिला होता. बुलडाणा जिल्ह्यातल्या सोनाळ्याहून मुंबईला यायचे म्हणजे एस.टी.चे धक्के खात शेगाव गाठायचे आणि तिथून आगगाडी. आमच्याकडची माणसे मुंबईला येत ती नोकरीसाठी, मोठ्या दवाखान्यासाठी, नाहीतर मरायच्या आत एकदा समुद्र बघून घ्यावा म्हणून. भाऊजी आले ते विद्यापीठात पोर्तुगीज शिकायला. वय एक्कावन्न, डोक्यावर टोपी, पायात करकर वाजणाऱ्या वहाणा आणि खांद्यावर ज्वारीचे पीठ नि लाल तिखट भरलेली थैली. मी दादरला एका खोलीत राहून कारकुनी करत होतो. दार उघडतो तर हे उभे! "दोन मयने राहीन बे तुह्यापाशी," म्हणाले, "उन्हाळी वर्ग हाय. मॅट्रिकवाल्यायले घेतात." भाऊजी जुन्या काळचे मॅट्रिक होते, आणि ते सर्टिफिकेट तीस वर्षांनी पहिल्यांदाच कामाला येत असल्याचा आनंद त्यांच्या तोंडावर मावत नव्हता.

या माणसाला जगातल्या कुठल्याच गोष्टीकडे नुसते बघता येत नसे. ती अशी का, कोणी केली, आतून कशी आहे, हे कळल्याशिवाय त्यांना अन्न गोड लागत नसे. बीबी गावाला एका लग्नात हे वऱ्हाड सोडून बॅन्डवाल्यांत जाऊन बसले, आणि आवाज नेमका कुठून निघतो ते बघायला त्यांनी क्लॅरिनेटवाल्याला त्याचे वाद्य सगळे उघडायला लावले. ते उघडले झकास, पण पुन्हा जुळेना. वरात शेवटी एका ढोलावर निघाली आणि नवरदेवाचा मामा पुढे दोन वर्षे आमच्या ताईशीसुद्धा बोलत नव्हता. एकदा मोताळ्याकडे बैल पाहायला म्हणून गेले, तर वाटेत रोहिणखेडच्या जुन्या मशिदीपाशी थांबले. एवढाले दगड त्या लोकांनी वर चढवले कसे, या एका प्रश्नावर तिथे झाडलोट करणाऱ्या म्हाताऱ्याबरोबर त्यांनी अख्खा दिवस काढला, त्याच्याच शिदोरीतली भाकर खाल्ली आणि बैल न बघताच परत आले. ताई कपाळाला हात लावून म्हणायची, "ह्यायले देवानं तोंड जेवासाठी नाही, इचारासाठी देल्लं."

पोर्तुगीजांचे खूळ मात्र मिरचीतून आले. भाऊजींच्या घरी तीन पिढ्या मिरची. तिचे रोप कसे धरावे हे विचारायला आजूबाजूच्या गावांतून लोक त्यांच्याकडे येत. आणि एक दिवस शेतकी खात्याच्या कुणा तरुण साहेबाने बोलता बोलता सांगितले की, काका, मिरची आपली नव्हेच, ती पोर्तुगीजांनी जहाजातून आणली. त्या दिवशी भाऊजी जेवले नाहीत. "मंग आपले पंजे-खापरपंजे भाकरीसंग काय खात होते बे?" असे ते दिसेल त्याला विचारू लागले. शाळेतल्या मास्तरांना विचारले, गावात कीर्तनाला आलेल्या बुवांना विचारले. बुवा बिचारे 'सर्व काही ईश्वराचे' असे काहीतरी बोलून निसटले. तशात गोवा आपल्यात आला. पोर्तुगीज निघून गेल्याची बातमी पेपरात वाचून सगळे गाव खूश झाले, आणि भाऊजी तेवढे हळहळले. "गेले तं गेले," म्हणाले, "पन जाच्या आंधी कोनी त्यायले मिरचीचं इचारलं का?" कुणी विचारले नव्हते. तेव्हा ते काम आपल्यालाच करावे लागणार, हे त्यांनी धरून टाकले. ज्याचे बियाणे त्याला विचारावे, आणि त्याच्या भाषेत विचारावे, असा त्यांचा साधा हिशेब होता.

वर्ग घेणाऱ्या बाई गोव्याकडच्या. साठीच्या पुढच्या, बारीक, फुलाफुलांचा झगा आणि पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा. नवरा जाऊन पुष्कळ वर्षे झालेली, मूलबाळ नाही. शाळेतल्या नोकरीतून त्या निवृत्त झाल्या होत्या आणि उन्हाळ्याच्या दोन महिन्यांचा हा प्रारंभिक वर्ग एवढाच त्यांना उरला होता. लहानपणापासून ज्या भाषेत त्या हसल्या-रडल्या, ती तोंडाने बोलायला वर्षातून तेवढीच जागा होती. वर्गाला नियम असा की किमान पाच विद्यार्थी हवेत, नाहीतर वर्ग बंद. आणि एकदा पास झालेल्याला पुन्हा त्याच वर्गात बसता येत नसे. पहिल्या वर्षी नऊजण आले. गोव्यातली जुनी कागदपत्रे वाचायला लागणार म्हणून काही कचेऱ्यांनी आपली माणसे पाठवली होती. भाऊजींनी संख्या वाढवायला म्हणून मलाही ओढले. मी तिसऱ्या आठवड्यात क्रियापदांना भिऊन पळालो.

पण त्या तीन आठवड्यांत मी जे पाहिले ते विसरणार नाही. भाऊजी पहिल्या बाकावर. बाईंनी "बोम दिया" म्हटले की हे उभे राहून, टोपी सारखी करून, सगळ्या वर्गाच्या वतीने "बोम दिया" म्हणत. मिरचीला पिमेंता म्हणतात हे कळल्यावर त्यांना गहिवरून आले, आणि मिऱ्यालाही पिमेंताच म्हणतात हे कळल्यावर ते भडकले. "हे काऊन? दोन येगळी झाडं, येगळं तिखट, अन् नाव येकच? बाई, तुमच्या लोकायनं मिरची नीट खाल्लीच नसन!" बाई खळखळून हसल्या. दुसऱ्या दिवशी भाऊजी थैलीतले तिखट कागदात बांधून घेऊन गेले. बाईंनी चिमूटभर जिभेवर ठेवले, डोळ्यांतून घळाघळा पाणी आले आणि त्या आपल्या भाषेत पाचेक मिनिटे अखंड काहीतरी बोलल्या. भाऊजी ते सगळे वहीत उतरवून घेत होते.

आणि एवढे करून निकालात नापास! ताईने आधीच शेजारणींना सांगून ठेवले होते, तिची फार फजिती झाली. पुढच्या वैशाखात भाऊजी पुन्हा हजर, पुन्हा तोच वर्ग, पुन्हा नापास. सोनाळ्यात त्यांना पाहून पोरेटोरे 'बोम दिया' ओरडू लागली. मी समजूत घातली, की भाऊजी, या वयात पाठांतर होत नाही, त्यात लाज कसली. ते गरीब तोंड करून "हाव बे" म्हणाले. तिसऱ्या उन्हाळ्यात माझ्या पत्त्यावर त्यांच्या नावाचे पत्र आले. बाई आजारी होत्या, दोन दिवस वर्ग नाही असे कळवायला त्यांनी लिहिले होते, आणि मग हात थांबला नसावा, कारण पत्र चांगले चार पानी होते, सगळे पोर्तुगीजमध्ये. भाऊजींनी ते मला भाकरी थापता थापता वाचून दाखवले, म्हणजे तिकडे नजर टाकत सरळ आपल्या वऱ्हाडीत सांगितले. बाईंच्या गावचे चर्च, पावसात वाहून गेलेला साकव, आईच्या हातचे लोणचे. कुठे अडखळणे नाही, की चाचपणे नाही. मी स्टोव्ह बंद केला आणि म्हणालो, "भाऊजी, तुम्ही नापास कसे होता?"

ते चोरी पकडल्यासारखे हसले. परीक्षेला जाऊन कागदावर नाव घालायचे आणि खाली मोटेच्या जागी बसवलेल्या नव्या पंपाची आकृती काढायची, असा त्यांचा रिवाज होता. कोरा कागद देणे त्यांच्या जिवावर येई. तोंडी परीक्षेत ते मान खाली घालून बसत.

"पन काऊन?" मीही नकळत त्यांच्याच बोलीवर आलो.

"अबे, आपल्याकडं पंगतीत शेवटचा मानूस जेवून राह्यला असला तं कोनी उठते का?" भाऊजी म्हणाले. "आपलं पोट भरलं तरी पानावर येक घास ठेवा लागते. तो घास चिवडत बसा लागते. नाहीतं त्या मानसाले लाज वाटते, अन् तो अर्ध्यातून उठते. बाई अजून जेवून राह्यली. यंदा आम्ही पाचच हाव. मी पास झालो का फुडच्या साली येक मानूस कमी पडते, अन् वर्ग उठला."

मी पंगतीत दरवेळी पहिला उठणारा माणूस. त्या दिवशी भाकरी करपली होती ती मी गुपचूप माझ्या ताटात घेतली. चौथ्या उन्हाळ्यात पाच भरायला त्यांनी कोपऱ्यावरच्या वाचनालयाचे ग्रंथपाल गळाला लावले, आणि स्वतः इमानेइतबारे नापास झाले.

पाचव्या उन्हाळ्यात ताईचे पत्र आले. मिरचीच्या रोपाला वैशाख-जेठात लेकरासारखे जपावे लागते, सकाळ-संध्याकाळ झारीने पाणी, दुपारी वर तुराट्यांची सावली. नेमके हे दोन महिने घरधनी मुंबईत. मागच्या वर्षी निम्मे रोप गेले होते, यंदा सगळेच करपायला आले होते. ज्यांच्याकडे रोप धरायचे कसे हे विचारायला लोक यायचे, त्यांच्या घरी आता रोप दुसऱ्याच्या वाफ्यातून मागून आणायची वेळ. ताईने लिहिले होते, "तू त्या बाईच्या पाया पड, पन ह्यायले औंदा पास करून टाक. लोकायनं नापास म्हनलं ते मी सोसलं. मिरचीले नाव ठेवलं तं मले सोसनार नाही."

मी दोन दिवस पत्र खिशात घेऊन फिरलो. भाऊजींना दाखवले असते तर त्यांनी घास चिवडणे सोडले नसते, हे मला ठाऊक होते. तिसऱ्या दिवशी त्यांना न सांगता बाईंकडे गेलो आणि रोपाचे तेवढे सांगितले. पंपाच्या आकृतीचे मी काढणारच नव्हतो. पण बाई म्हणाल्या, "मला माहीत आहे रे. चार वर्षं ती आकृती बघते आहे. दरवर्षी पंप अधिक चांगला येतो." मग खिडकीकडे बघत म्हणाल्या, "मी स्वार्थी झाले. असा विद्यार्थी सोडवत नाही."

लेखीच्या कागदावर यंदाही पंपच आला होता, पण पास-नापास ठरवणे बाईंच्या हातात होते. तोंडी परीक्षेच्या दिवशी मी रजा काढून वर्गाबाहेरच्या बाकावर बसलो होतो. भाऊजी आत गेले, मान खाली घालून तयारीत. बाईंनी पुस्तकातले काही विचारलेच नाही. दारातून मला त्यांचे पोर्तुगीज ऐकू येत होते आणि त्यात एकच शब्द मला कळला, पिमेंता. बाई भाऊजींच्या मिरचीबद्दल विचारत होत्या. आता शेताबद्दल कुणी विचारावे आणि भाऊजींनी गप्प बसावे, हे ब्रह्मदेवालाही जमले नसते. आधी एक शब्द आला, मग दोन, मग धरणच फुटले. वाफा, झारी, तुराट्या, ताई, सोनाळ्याची माती, सगळे त्या भाषेत. मध्येच ते उठून रोप कसे उपटायचे ते वाकून दाखवत होते. अर्धा तास झाल्यावर बाईंनी टाक उचलून कागदावर काहीतरी लिहिले, आणि भाऊजी बोलता बोलता थांबले. बाहेर आले तेव्हा टोपी हातात होती. "बाईनं मले पास केलं बे," एवढेच म्हणाले.

पंधरा दिवसांनी सोनाळ्याला सर्टिफिकेट पोचले, आणि ताईने शेगावहून पेढे मागवून घरोघर वाटले. मी मुद्दाम गेलो होतो. पाचव्या खेपेला का होईना, अशी सगळ्यांनी पाठ थोपटली. दारापुढे कुणी फटाक्यांची माळही लावली. भाऊजी प्रत्येकाला हात जोडत होते, आणि त्यांचा चेहरा सुतक आल्यासारखा होता. गर्दी सरल्यावर ते वाफ्याकडे गेले, तसा मीही मागोमाग गेलो. अर्धे वाफे मोकळे होते, उरलेल्यात पुन्हा टाकलेले बी नुकते वर आले होते. झारी बाजूला ठेवून ते बांधावर बसले.

"रोप करपलं, हे बाईले कोनं सांगतलं बे?"

"मीच," म्हणालो. मला फार वाईट वाटत होते.

त्यांनी वाकून एका रोपाच्या बुडाशी माती सारखी केली. मग म्हणाले, "बरं केलं तू. तुह्या ताईचं खरं हाय." मला वाटले, संपले. पण थोड्या वेळाने ते अगदी हळू आवाजात म्हणाले, "पन येक साल थांबता नसतं आलं का तुले? फुडच्या सालासाठी चार जनं मी आत्ताच पाह्यले होते. मी धरून पाच होत होते."

घरातून ताईने पेढा घ्यायला म्हणून हाक मारली. भाऊजी उठले, धोतर झटकले आणि "आलो व" म्हणून निघाले. मी बाजूला ठेवलेली झारी उचलली आणि उरलेल्या वाफ्यांना पाणी घालू लागलो.