बावीस पावलांवरचं अकोला

सर्व संबंधितांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येतं की, अमरावती ते अकोला हे अंतर फक्त बावीस पावलांचं आहे. रस्ते मोजणाऱ्यांचं म्हणणं वेगळं असेल, पण त्यांनी आमचे कंडक्टरकाका पाहिलेले नाहीत.

वडील न्हाणीघरात घसरले, खुब्याचं ऑपरेशन झालं, आणि त्यांना उठवायला-बसवायला आम्ही एखादा दणकट गडी शोधत होतो. दारात आले बहात्तर वर्षांचे, पांढऱ्याशुभ्र केसांचे, कडक इस्त्रीचा खाकी शर्ट घातलेले एक गृहस्थ. वडिलांपेक्षा जेमतेम चार वर्षांनी लहान. बायको माझ्या कानात म्हणाली, आता या दोघांना सांभाळायला तिसरा माणूस बघा. पण काकांनी खोलीचा रागरंग पाहिला, खिशातून तिकिटाला भोक पाडायचा जुना चिमटा काढला आणि खाटेच्या कडेवर टक्-टक् वाजवला. उभी हयात त्यांनी अमरावती-अकोला गाडीवर काढली होती. तो चिमटा निवृत्तीनंतर त्यांच्याकडे कसा राहिला, हे विचारायची हिंमत आमच्यापैकी कुणालाच झाली नाही.

माझे वडील म्हणजे निवृत्त मास्तर. कुणाचं ऐकून घ्यायची सवयच नाही. व्यायाम शिकवायला आलेल्या तरुणाला त्यांनी एकोणतीसचा पाढा विचारून घालवून दिलं होतं. काकांनी त्यांना व्यायाम शिकवलाच नाही, गाडीत बसवलं. खाट म्हणजे अमरावती. कपाटाशी बडनेरा, स्वयंपाकघराच्या दाराशी मूर्तिजापूर, अंगणातल्या टाकीपाशी बोरगाव मंजू आणि फाटक म्हणजे अकोला. भिंतीवरच्या कॅलेंडरच्या डट्ट्याचं कालचं पान हे तिकीट. रोज सकाळी त्याला भोक पडायचं आणि ते वडिलांच्या खिशात जायचं. मूर्तिजापूरला चहासाठी दहा मिनिटं थांबा. तिथे वडील रेंगाळले की काका वॉकरच्या दांडीवर चिमटा वाजवायचे, आणि ज्यांना बघून आख्खी शाळा चळाचळा कापायची ते माझे वडील अर्धा कप चहा टाकून उठायचे. बेडपॅन नेताना काकांच्या कपाळावर आठी नसे. आईला फार संकोच वाटायचा. तिला ते एकदा म्हणाले, "गाडीत कोनी ओकलं त मी त्याले उतरवून देत होतो काय, वहिनी?"

खरा चमत्कार पुढेच होता. निवृत्तीनंतर हा माणूस घरी बसून गुडघे, साखर आणि रक्तदाब अशी तीन दुखणी गोळा करून बसला होता. आमच्याकडे येऊन चार महिने झाले आणि वडिलांना तपासायला आलेल्या डॉक्टरांनी सहज त्यांच्याही दंडाला पट्टा गुंडाळला. मग पुन्हा गुंडाळला. काय घेता म्हणून विचारलं.

"ड्युटी," काका म्हणाले.

डॉक्टरांनी त्यांची एक गोळी बंद केली, आणि वजन मात्र उचलू नका म्हणून बजावलं. तेवढं त्यांनी ऐकलं नाही. एका दुपारी वडील खाटेवरून घसरायला लागले, काकांनी त्यांना छातीशी धरलं, आणि त्यात काकांचीच कंबर धरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा मुलगा आला. सरकारी कचेरीतला, शांत बोलणारा माणूस. बापाला जेवू घालत नाही का म्हणून लोक मला विचारतात, असं तो खाली मान घालून म्हणाला आणि काकांना चिमट्यासकट घेऊन गेला.

तीन आठवडे गाडी बंद. वडिलांनी मूर्तिजापूरच्या पुढे जायला साफ नकार दिला. रोजची पानं ते फाडायचे आणि तशीच, भोकाशिवाय, खिशात कोंबायचे. तिकडून कळलं की काकांची कंबर केव्हाच सुटली, पण ते भिंतीकडे तोंड करून पडलेले असतात. साखर वाढली, गुडघे सुजले, बंद झालेली गोळी पुन्हा सुरू झाली.

एका सकाळी वडील वॉकर धरून उठले आणि मला म्हणाले, "चल." बडनेरा गेलं, मूर्तिजापूर गेलं, बोरगाव मंजूला ते थांबलेसुद्धा नाहीत. फाटकाला हात लागला तेव्हा त्यांनी मागे वळून पाहिलं. अकोला आलं होतं आणि गाडीत कंडक्टर नव्हता. त्यापुढचे थांबे आम्हाला कुणी शिकवले नव्हते, म्हणून ऑटो केला.

काकांच्या दाराला तीन पायऱ्या. दुसरीवर वडिलांचा वॉकर अडकला. समोरच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून निजलेले काका त्या आवाजाने वळले, आणि पुढच्या क्षणी पायरीवर होते.

"गाडी थांबल्याबिगर उतरू नोका जी, गुरुजी," असं म्हणत त्यांनी वडिलांचा दंड धरला.

वडिलांनी खिशातून पानांचा गठ्ठा काढून पुढे केला. काकांनी उशीखालून चिमटा आणला आणि एकेका पानाला भोक पाडायला बसले, एकही न सोडता. ऑटो बाहेर उभा आहे, असं वडील कुणाकडेही न बघता म्हणाले.

काकांचा मुलगा दारात उभा राहून हे सगळं बघत होता. तो आत गेला. आता काय ऐकावं लागणार म्हणून मी शब्द जुळवत होतो. तो बाहेर आला तो काकांच्या चपला घेऊन. वाकून त्या त्यांच्या पायाशी नीट ठेवल्या, आणि वाकल्या वाकल्याच त्याच्या तोंडून निघून गेलं, "जिंदगीभर गाडीवरच होते ना हे. मले वाटलं, आता तरी घरी रायतीन."