हिरव्या दिव्यावर भरोसा नसलेले मामा

मनगटावर घड्याळ असताना मामा दुसऱ्याला वेळ विचारायचे. मी सांगितली की स्वतःच्या घड्याळात बघायचे, मान हलवायचे आणि पुढच्या माणसाला गाठायचे. "इचारलेलं बरं असतंय, सायेब. कुणाचा काय भरोसा!"

असा एखादा माणूस तुमच्याही पाहण्यात असेल. मी काही कमी संशयी नाही. लातूरच्या डाळमिलमध्ये वजनकाट्यावर बसणाऱ्याने भोळं असून चालतच नाही. पण मामांपुढे मी गरीब गाय. कंधारच्या बसची पाटी वाचून, कंडक्टरला विचारून, वर शेजारच्या प्रवाशालाही ते विचारत, "कंधारलाच जाती ना ही?"

मामा आमच्या मिलमध्ये आधी हमालांचे मुकादम होते, सगळेच त्यांना मामा म्हणायचे. मग मालकांनी पोती रचणारा रोबोट आणला, एक भला दांडगा लोखंडी हात, आणि त्याच्यावर देखरेखीला मामांना बसवलं. हाताभोवती जाळीचं कुंपण. आत कोणी असलं की तांबडा दिवा, नसलं की हिरवा. आता मामा आणि दिव्यावर विश्वास? छे! थप्पीवरून पोतं सोडताना हमाल आधी आवाज देतो आणि खालून 'हाव' असा होकार आल्याशिवाय सोडत नाही. तीच रीत त्यांनी इथे लावली. आधी ओरडायचं, "कोन हाय आत?" मग जाळीभोवती फेरी मारायची आणि मगच चालू करायचं बटण.

मशीन बसवायला आलेला इंजिनिअर हसला. "मामा, सेन्सर आहे ना बघायला!"

"आसंल की. त्याच्या डोळ्यात डाळीचा भुसा गेला तर त्यो काय रडून सांगनार हाय?"

पुढे मामींच्या मणक्याचं ऑपरेशन झालं, लातूरच्याच एका दवाखान्यात. मामा दिवसा मिलमध्ये, रात्री खाटेजवळ. तिथे सलाईन संपत आली की वाजणारं यंत्र होतं. नर्स म्हणायची, बाबा, खुशाल झोपा. मामा कसले झोपतात! "वाजलंच न्हाई तर?" म्हणत बसून राहायचे. असं कितीतरी दिवस चाललं.

डोळे लाल, जीभ जड. मिलमध्ये कुजबुज सुरू झाली, मामा पिऊन राहिलेत म्हणे. मी जवळ जाऊन वास घेतला. नुसता फिनेलचा वास.

मला भलत्याच गोष्टीची धास्ती वाटत होती. मामांनी वेळ विचारणं सोडलं होतं. चहात पाणी जास्त आहे म्हणून कुरकुरणंही बंद. आणि एके दिवशी पाहतो तर जाळीभोवतीची फेरीच नाही! खुर्चीत बसल्या बसल्या म्हणाले, "दिवा हिरवा हाय की."

मामांच्या तोंडून हे?

"मामा, सुट्टी घ्या. चार दिवस नीट झोपा."

"मशीन जागी हाय, सायेब."

आता काय म्हणावं! एका यंत्रावर विश्वास नाही म्हणून रात्रभर जागायचं, आणि जागून जागून डोकं असं बधिर की दुसऱ्या यंत्रावर डोळे झाकून विसंबायचं.

त्याच आठवड्यात एका दुपारी झाडलोट करणाऱ्या सुमनबाई सांडलेली तूरडाळ झाडायला जाळीच्या आत गेल्या. सेन्सरवर भुशाचा थर बसलेला. दिवा हिरवाच. मामांनी बटण दाबलं.

मी काट्यावरून बोंब ठोकली आणि धावलो. थांबवायचं लाल बटण मी दाबलं की आणखी कोणी, आता आठवत नाही. लोखंडी हात थांबला तो सुमनबाईंच्या डोक्याच्या वीतभर वर, पोत्यासकट. बाई वाकून झाडत होत्या म्हणून वाचल्या. बाहेर आल्या आणि एवढंच म्हणाल्या, "मामा, आवाज का न्हाई दिला वो?"

मालक इंजिनिअरला फोनवर झापत होते, तो भुशाला दोष देत होता. मामा त्या गोंधळात मालकांपुढे जाऊन उभे राहिले.

"मशीन पुसून घ्या, ती सुधरंल. मला काढा. माझाच मला भरोसा न्हाई ऱ्हायला."

म्हातारा माणूस ढसाढसा रडला. मलाही रडू आलं, कशाला लपवू?

मामांनी काम सोडलं आणि मामींना दवाखान्यातून सोडल्यावर दोघं कंधारजवळ आपल्या गावी गेले. राहवेना म्हणून एका रविवारी मीही गेलो. मामी काठी टेकत दारात आल्या, मला खालून वरपर्यंत न्याहाळलं.

"मिलमधून आलाव? न्यायला?"

"नाही मामी, नुसतं भेटायला."

आतून मामांचं घोरणं ऐकू येत होतं, भरदुपारी, अगदी मोकळं. मामींनी ओसरीवर पाण्याचा तांब्या ठेवला आणि परत उंबऱ्यावर जाऊन बसल्या.

"बसा पाहिजे तेवढं. पर उठवनार न्हाई मी."

"नका उठवू," मी म्हणालो. त्यांना काही ते खरं वाटलं नाही. मी जायला उठलो, फाटकाबाहेर पडलो, तरी काठी आडवी धरून त्या दारातच बसून होत्या.