हरलेल्यानं पंच बसायचं

ही गोष्ट माझ्या तोंडून आजवर बाहेर पडलेली नाही. आईला सांगितली नाही, नवऱ्याला नाही, आणि जिला सांगायला पाहिजे होती तिला तर नाहीच. तुम्हाला काहून सांगून राहिली — ते मलाही धड माहीत नाही. मागच्या महिन्यात बार्शीटाकळीला जाऊन आली, तेव्हापासून घशाशी येऊन बसली आहे, एवढंच.

मी कॅरम खेळायची. हसू नका — सगळे हसतात. लोकांना वाटतं, कॅरम म्हणजे उन्हाळ्याच्या सुट्टीत पोट्ट्यांनी पावडर उडवत बसायचं. पण त्या कॅरमनंच मला नोकरी लावली. आजही ऑफिसात कोणी नवीन आलं की साहेब ओळख करून देतात — या वंदनाताई, राज्याच्या खेळाडू. मी मान खाली घालते. लोक म्हणतात, किती साधी बाई आहे. साधी! बाप्पा, यांना काय माहीत.

शोभाबद्दल आधी सांगते. शोभा तेल्हाऱ्याची. घरचा भाजीपाल्याचा मळा. सकाळी मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या बांधायची आणि मग एसटीनं अकोल्याला कॉलेजात यायची. तिच्या बोटांना कायम कोथिंबिरीचा वास. कॉलेजातल्या कॅरमवर पहिल्याच दिवशी तिनं मला असं धुतलं, की मी तिच्याशी बोलणंच टाकलं. पण करता काय? आमच्या जठारपेठेतल्या घरी बाबांनी हौसेनं घेतलेला चांगला बोर्ड होता आणि माझ्यासमोर बसेल असं कोणी नव्हतं. शेवटी मीच तिला घरी घेऊन आली. ती यायची ती आईसाठी पिशवीभर वांगी घेऊन. आई म्हणायची, तुझ्यापेक्षा हीच पोट्टी बरी. आई गंमत करायची — पण मला लागायचं. थोडंसंच. आज खरं बोलायला बसलीच आहे, तर हेही सांगून टाकते.

आपल्याच बाजूला मागे पडलेली सोंगटी अंगठ्यानं मारायची असते. तो फटका मला तिनंच शिकवला. शिकली मी. पण तिच्यासारखा कधी जमला नाही, आणि तो जमत नाही हे आम्हा दोघींनाही माहीत होतं.

आता ते मानांकनाचं प्रकरण समजून घ्या, नाहीतर पुढचं कळणार नाही. वर्षभर वेगवेगळ्या गावांत स्पर्धा व्हायच्या. ज्या फेरीपर्यंत पोचलात, त्या फेरीचे गुण तुमच्या नावावर. शेवटी ज्या स्पर्धांत चांगलं खेळलात, तेवढ्यांचीच बेरीज धरायची. त्या बेरजेवरून नंबर. पहिल्या आठांत असलात की तुम्ही मानांकित — म्हणजे सुरुवातीच्या फेऱ्या माफ, सकाळी आरामात डोक्यावरून आंघोळ करून यायचं. बाकीच्यांनी तांबडं फुटल्यापासून एकेक सामना मारत वर चढायचं. आणि हंगाम संपताना जे आठ, त्यांना राज्याच्या संघात जागा. संघाचं प्रमाणपत्र म्हणजे खेळाडू कोट्यातून नोकरी. नववीला काय? नववीला काहीच नाही. 

या पद्धतीत एक वाईट गोष्ट आहे. तुम्ही हरलात तरी सगळं संपत नाही. तुमच्या मागच्या नंबरचाही हरला, तर तुमचा नंबर तिथंच राहतो. मग माणूस आपला खेळ सोडून दुसऱ्याच्या हरण्याकडे डोळे लावून बसतो. त्या वर्षी मी आठवी होती. नववी शोभा.

हंगामातली शेवटची स्पर्धा अमरावतीला होती. मी मानांकित, म्हणून उशिरा गेली — आणि पहिल्याच सामन्यात हरली. कोण कुठली पोट्टी, नावही ऐकलेलं नव्हतं. शोभा मात्र सकाळपासून खेळत होती, एकामागून एक जिंकत होती. मी मंगल कार्यालयाच्या पायरीवर बसून हिशेब केला. तिनं पुढचा एक सामना जिंकला, की ती आठवी आणि मी नववी. हरली, की मी वाचली.

आमच्यात एक रीत होती. पगारी पंच कुठून आणणार? म्हणून हरलेल्यानं पुढच्या फेरीला पंच बसायचं. तुम्ही हरलात की आयोजक तुमच्या हातात पाण्याचा ग्लास देतात आणि एका बोर्डाकडे बोट दाखवतात. मला बोट दाखवलं ते शोभाच्या बोर्डाकडे. घाईगर्दीत कोण पाहतो, कोण कोणाची मैत्रीण? मी एवढंच म्हणायचं होतं — दादा, ही माझ्या घरची आहे, मला दुसरा बोर्ड द्या. त्यांनी लगेच दिला असता. मी म्हटलं नाही. गेली आणि खुर्चीत बसली.

शोभानं मला पाहिलं आणि तिचा चेहरा खुलला. तिला बरं वाटलं — आपली वंदी आहे पंच, आता काही काळजी नाही.

समोर नागपूरची मुलगी होती, चांगली खेळायची. एक गेम हिचा, एक तिचा. तिसऱ्या गेमचा शेवटचा बोर्ड आला आणि शोभाची एकच सोंगटी उरली — तीही मागे, तिच्या उजव्या हाताच्या कोपऱ्याजवळ. अंगठ्याची. तिनं स्ट्रायकर ठेवला. नियम असा, की स्ट्रायकर पुढच्या आणि मागच्या, दोन्ही रेघांना टेकलेला पाहिजे. एकीपासूनही सुटला तर फाउल. आणि हे फक्त पंच पाहतो — कारण फटका बसला की स्ट्रायकर जागेवरून गेला, मागे काही खूण राहत नाही. 

मी वाकून पाहिलं. तिनं मारलं. सोंगटी सरळ भोकात गेली.

मी म्हटलं, फाउल.

दोन्ही रेघांना टेकलेला होता तो. मी पाहिलं होतं. दिवसाढवळ्या, एक हात अंतरावरून. मला भास झाला नाही, चूक झाली नाही. पायरीवर बसून मी जो हिशेब केला होता, तो माझ्या तोंडून बोलला — नाही, हेही जरा गोड करून सांगणं झालं. मी बोलली. मीच.

फाउल म्हणजे ती सोंगटी परत बोर्डावर, दंडाची आणखी एक, आणि पाळी दुसरीची. नागपूरच्या मुलीनं बोर्ड संपवला. सगळं पाच-सात फटक्यांत आटोपलं.

शोभानं भांडायला पाहिजे होतं. तिनं ओरडावं, आयोजकाला बोलवावं, असं मला खरंच वाटत होतं — ती भांडली असती, तर मी कदाचित डगमगली असती. पण ती माझ्याकडे पाहून राहिली होती. रागानं नाही. विचारत होती.

"सुटला होता काय वं, वंदे?"

"हव," मी म्हटलं. "मागच्या रेघेले टेकला नव्हता."

"तू म्हणून राहिली त असन. मले दिसला नाई."

एवढंच. मग तिनं दोघींसाठी चहा आणला. बसमध्ये माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली. मूर्तिजापूर गेलं तरी मी हललीसुद्धा नाही, तिची झोप मोडेल म्हणून. बघा, केवढी ही माया!

मी आठवीच राहिली. संघात गेली, प्रमाणपत्र आलं, नोकरी लागली. आईनं जठारपेठेत पेढे वाटले, आणि घरोघरी डबा घेऊन फिरायला शोभाच होती.

पण खरं नुकसान त्या सामन्यात झालंच नाही. सामना काय, पुढच्या वर्षी परत आला असता. झालं असं, की शोभाचा आपल्या डोळ्यांवरचा भरवसा उडाला. पुढच्या हंगामात ती प्रत्येक फटक्याआधी थांबायला लागली. स्ट्रायकर ठेवायची, वाकायची, मागची रेघ पाहायची, पुढची पाहायची, परत मागची. जिचा हात जुडी बांधावी तसा सहज चालायचा, तीच आता वेळ संपल्यामुळे फाउल ओढवून घ्यायला लागली. मी शेजारच्या बोर्डावरून पाहत होती. तेव्हा तरी सांगता आलं असतं ना? एक वाक्य होतं. तेव्हा माझी नोकरी पक्की व्हायची होती. मग पक्की झाली — तेव्हा काय आड आलं? काहीच नाही. तरी नाही सांगितलं. एका हंगामानंतर ती खेळायची थांबली. घरच्यांनी बार्शीटाकळीत लग्न करून दिलं.

मागच्या महिन्यात तिचा फोन आला. ती तिथल्या शाळेत रविवारी पोट्ट्यांना कॅरम शिकवते. छोटी स्पर्धा ठेवली आहे, आणि उद्घाटनाला राज्याची खेळाडू पाहिजे. गेली मी. नाही कशी म्हणणार? शोभा जाड झाली आहे, हसणं तेच आहे. मुलांना तिनं जमिनीवर बसवलं आणि माझी ओळख करून दिली. मला वाटलं, नोकरीचं सांगेल, संघाचं सांगेल. 

तिनं अमरावतीचं सांगितलं.

"हे माई मैत्रीण. पन पंच बसली तं मैत्रिणीलेबी सोडलं नाई इनं. माहा स्ट्रायकर रेघेले टेकला नव्हता, इनं सरळ फाउल देल्ला. पंच असा पाह्यजे, पोट्टेहो. मले त्या दिवशी लय राग आल्ता, पन माहा मलेच."

मुलांनी टाळ्या वाजवल्या. किती वर्षं ही गोष्ट ती सांगून राहिली असेल, अशीच, किती पोरांना?

मग मुलींच्या एका सामन्याला मला पंच बसवलं — पाहुणीचा मान म्हणून. माझ्यासमोर दोन वेण्यांची एक मुलगी होती. ती स्ट्रायकर ठेवायची, वाकायची, मागची रेघ पाहायची, पुढची पाहायची. आणि मग मारायच्या आधी मान वर करून मला विचारायची, "टेकला न, मॅडम?"

मी म्हणायची, "टेकला."

प्रत्येक फटक्याला तिनं विचारलं. प्रत्येक वेळी मी पाहिलं, आणि खरं तेच सांगितलं. शोभा माझ्या खुर्चीमागे उभी होती, तिचा हात माझ्या खांद्यावर. मान वळवली असती तर तिच्याशी बोलता आलं असतं. मी बोर्डाकडेच पाहत राहिली. सामना संपल्यावर तिनं मला शाल दिली, नारळ दिला, पिशवीभर वांगी दिली. मी ती घेतली आणि बसनं अकोल्याला परत आली.