बुरशीच्या राणीचा वकील

९ ऑगस्ट १९९२. सकाळी मी मागच्या अंगणात खड्डा खणून त्यात आठ किलो कैरीचं लोणचं ओतत होते आणि समोरच्या क्वार्टरमधले गृहस्थ शेजारी उभे राहून एक मोजा कानाशी धरून खुळखुळवत होते. पायात घालायचा मोजा. त्यात क्लबातले हौजीचे आकडे होते, एक ते वीस.

"मी सांगत होतो, वहिनी," ते म्हणाले. "राणी मरत नाही. ती थांबते."

फावडं माझ्या हातात होतं. मी ते फक्त खड्डा बुजवायला वापरलं, याची नोंद घ्यावी.

असा एखादा शेजारी तुम्हीही सोसला असेल. हे गृहस्थ आमच्या दीपनगरच्या वीज केंद्रात कंट्रोल रूमला होते. वय चाळिशीपुढे, लग्न नाही, पाळी संपली की थेट आमच्या बाहेरच्या खोलीत. त्यांच्या मेहुण्यांनी परदेशातून एक जाडजूड इंग्रजी पुस्तक पाठवलं होतं. त्यात एक खेळ होता. पट नाही, सोंगट्या नाहीत. एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी आपण काय करणार ते बोलायचं, आणि ते जमलं की फसलं हे फाशाने ठरवायचं. त्या फाशाला वीस बाजू हव्यात. तसला फासा ना भुसावळात मिळाला ना जळगावात. म्हणून मोजा, आणि म्हणून क्लबातले आकडे. दोन महिने शनिवारच्या हौजीत एकविसाच्या खालचा आकडा पुकारलाच गेला नाही. बायका आपापल्या नशिबाला बोल लावत होत्या. मला माहीत होतं आणि मी गप्प बसले. त्या चोरीत माझा वाटा एवढाच.

पुस्तकात शिंगांचे, सुळ्यांचे शेकडो राक्षस होते. या गृहस्थांनी ते सगळे सोडून एकच उचलली. बुरशीची राणी. पाताळाच्या एका मजल्यावर तिचं राज्य. आमच्या कूलिंग टॉवरएवढ्या अळंब्यांचा महाल. तोंडावर बुरशीचा पदर. तिची भुकटी ज्याच्या नाकात गेली तो घरदार सोडून हसत हसत तिच्या चाकरीला जातो. तिला कापली तर तुकडे उठून उभे राहतात. जाळली तर फटीत राहिलेल्या एका कणातून पुन्हा येते. आमचे हे रोज संध्याकाळी तलवार घेऊन तिच्यावर जात आणि चहा होईपर्यंत मरत. एवढी बलाढ्य बाई कशाला ठेवलीत, असं मी एकदा समोरच्यांना विचारलं. तर पुस्तक उघडून, मुलीचं स्थळ दाखवावं तशा कौतुकाने त्यांनी मला तिचं चित्र दाखवलं.

आतल्या खोलीत माझ्या सासूबाई होत्या. त्यांना सगळे अक्का म्हणत, मीही. पिंपळनेरकडच्या. जूनमध्ये न्हाणीत पडल्या, खुब्याचं हाड मोडलं. जळगावला ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी बजावलं होतं की वॉकर धरून रोज चालायचं; आत्ता चालल्या नाहीत तर पुढे कधीच चालणार नाहीत. अक्कांनी भिंतीकडे तोंड केलं. "आते कसाले?" एवढंच. मी रागावले, जेवण बाहेरच्या खोलीत वाढून ठेवलं, डॉक्टरांची भीती घातली. गोड बोलायची सवय आम्हा दोघींनाही नव्हती.

एका संध्याकाळी, आमचे हे नेहमीप्रमाणे मरत असताना, आतून आवाज आला, "तिले उनमा टाका ना."

समोरचे उठून आत गेले. "अक्का, पाताळात ऊन नाही."

"मंग मीठ टाक."

त्यांनी मोजा हलवून एक आकडा काढला. सतरा. राणीचा डावा हात गळाल्याचं त्यांनी जाहीर केलं. आमच्या ह्यांना तोवर तिच्या नखालाही ओरखडा काढता आला नव्हता.

अक्कांनी मोज्यासाठी हात पुढे केला. समोरच्यांनी मोजा पाठीमागे धरला. झोपलेल्याला खेळता येत नाही, असा पुस्तकात नियम आहे म्हणाले. पाताळात स्वतःच्या पायांनी उतरावं लागतं, आणि वाट बाहेरच्या खोलीतल्या खुर्चीपासून सुरू होते. त्या पुस्तकाबद्दल अक्का अहिराणीत जे बोलल्या ते मी लिहिणार नाही. तिसऱ्या दिवशी त्या वॉकर धरून खुर्चीपर्यंत आल्या. मी मागून त्यांचा दंड धरून चालत होते. "हट," म्हणाल्या.

मग रोज संध्याकाळी सहाला, न चुकता.

आता लोणचं. राणी राज्य कसं पसरवते ते प्रत्यक्ष बघावं म्हणून या गृहस्थांनी ओल्या भाकरीचा तुकडा माझ्या कपाटात बरणीमागे ठेवला होता. त्याला हिरवी लव आली. ती त्यांनी चमच्याने उकरून अक्कांना दाखवली आणि जेवताना तोच चमचा बरणीत घातला. आठवड्याभरात तेलावर पांढरी साय.

खड्डा बुजवून झाल्यावर मी सांगितलं, आजपासून यायचं नाही. राणीलाही आणायचं नाही.

चार दिवस अक्का भिंतीकडे तोंड करून पडल्या. पावसाने कपडे वाळत नव्हते. मी वॉकरवर टॉवेल टाकायला लागले. पाचव्या दिवशी माझं मलाच ते दिसलं. टॉवेल काढले आणि समोरचं दार वाजवलं. येतो म्हणाले, पण तिला खड्ड्यात पुरल्याबद्दल मी राणीची माफी मागावी अशी त्यांची इच्छा होती. चमचा कोरडा ठेवा, एवढंच मी म्हटलं. त्यावर मिटलं.

नोव्हेंबरात त्यांची विदर्भात बदली झाली. शेवटच्या संध्याकाळी अक्का वॉकर सोडून नुसत्या काठीवर आल्या. राणीचा निकाल लावायला एकोणीस किंवा वीस हवा होता. मोज्यात हात घालून त्या बराच वेळ चाचपडत राहिल्या. चार निघाला.

मी समोरच्यांकडे डोळे वटारले. अक्कांना चष्म्याशिवाय आकडा दिसत नव्हता; एकोणीस म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं? या माणसाने तो चार अक्कांच्या डोळ्यांपुढे धरला, चष्मा देऊन पुन्हा धरला.

"राणी मरत नाही, अक्का. ती थांबते."

"सांगी दे तिले," अक्का म्हणाल्या, "मी बी थांबस."

फाटकापर्यंत जाऊन मी त्यांना सुनावलं. म्हातारीसाठी एकदा खोटं बोलवलं नाही का? खेळात खोटं चालत नाही, म्हणाले, आणि पुस्तक व मोजा माझ्या हातात दिला. ट्रंकेत जागा नाही म्हणे. ट्रंक मी पाहिली होती, अर्धी रिकामी होती.

पहाटे ट्रक गेला. सकाळी चहा झाल्यावर मी ते पुस्तक घेऊन बसले. मला इंग्रजी वाचता येतं, सावकाश पण येतं. राणीचं प्रकरण वाचलं, खेळाचे नियम दोनदा वाचले. झोपलेल्याला खेळता येत नाही, असं कुठेही नव्हतं. पायांनी उतरावं लागतं, असंही नव्हतं.

अक्का खुर्चीवर येऊन बसल्या होत्या. काय लिहिलंय, म्हणून विचारलं.

मी पान उलटलं, एका ओळीवर बोट ठेवलं आणि वाचून दाखवलं की राणीने महाल हलवलाय. आता ती फाटकापलीकडच्या कडुनिंबाखाली आहे, आणि तिथे उजेडातच जावं लागतं.

अक्कांनी खिडकीतून कडुनिंबाकडे बघितलं. "मन्या वहाना कोठे शेतस?"

पलंगाखालून काढल्या. पाच महिन्यांत त्यांच्यावर बुरशी धरली होती. पुसून पुढे ठेवल्या.