एक सप्तक वर

आमच्या बँडमधले क्लॅरोनेटवाले मामा वाद्याची पत्ती चहात बुडवूनच तोंडाला लावतात आणि कुठलंही बोलणं ‘बगू की’ने संपवतात. यंदा त्यांनी लॅपटॉप आणला. माइकमधून क्लॅरोनेटचा सूर ओळखून तो त्याच क्षणी व्हायोलिनं वाजवतो. मी की-बोर्डवाला, मला ते आवडलं नाही. त्यात खालच्या सुरांना मात्र व्हायोलिनं मागे रेंगाळायची. “वरातीत नाचणाऱ्यांचे पाय चुकतील,” मी म्हणालो.

मामा आठवडाभर भोरच्या खोलीवर एकच ओळ फुंकत बसले. मग म्हणाले, “खालचा सूर वळखाया त्येला येळ लागतोय, वरचा झटक्यात कळतोय. आपुन एक सप्तक वर वाजवू, त्येला खाली उतरवाया लावू. बगू की.”

मार्गासनी गावातल्या वरातीत त्यांनी तसंच केलं. वर क्लॅरोनेट, खाली व्हायोलिनांचा ताफा, दोन्ही नेमके ताशाच्या ठोक्यावर. ताशेवाला खूश होऊन माझ्याकडे बघत मान डोलवू लागला. माझा की-बोर्ड बंद आहे हे दाखवायला मी दोन्ही हात वर केले. मामांनी वाजवता वाजवता एक भुवई उचलली. मग मी हात खाली घेतलेच नाहीत, तसाच नाचणाऱ्यांत शिरलो.