राजगिधाड पाहायला गेलेले मनोहरभाऊ

पांढुर्ण्याच्या छापखान्यात सभेच्या पत्रकाची प्रुफं तपासत होतो, तेव्हा चुलतभाऊ दारात सायकल टेकवून म्हणाला, "मनोहरभाऊ गेले." कावीळ झालेली ठाऊक होती, पण माणूस उठेल असंच आम्ही सगळे धरून चाललो होतो... पत्रक तसंच छापलं गेलं. त्यात चुका राहिल्या. भाऊ असते तर आधी त्याच दाखवल्या असत्या.

माझे हे मावसभाऊ सौंसरच्या तहसील कचेरीत बाबू होते आणि दरवर्षी पाखरांची मोजणी करत. जानेवारीत पाटी कोरी; मग डिसेंबर संपेपर्यंत दिसेल ती प्रत्येक नवी जात मोजायची आणि गेल्या वर्षाच्या पुढं जायचं. "आपल्या लोकांच्या पोटाला नाही, अन् तुमी पाखरं मोजून राहिले?" मी चिडून विचारी. ते हसत. "भुकेल्या माणसानं आभाळाकडे पाहू नये, हे कोन्त्या पत्रकात लिहून हाय बे?"

तीन वर्षांपूर्वी डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी त्यांची मोजणी आदल्या वर्षाच्या बरोबरीला येऊन अडली होती. आता राजगिधाडच हवं होतं... काळं अंग, लाल डोकं. साधी गिधाडं कुठंही दिसत. हे मात्र मोहगावकडच्या त्यांच्या गावाबाहेर, मेलेली ढोरं टाकायच्या जागेवर उतरतं, असं कळलं होतं. बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यावर भाऊंच्या वडिलांनी त्याच जागेवर ढोरं ओढून नेण्याचं काम सोडलं होतं. त्या रागानं गावानं वस्तीची मजुरी बंद केली, चक्कीवर दळण घेणं नाकारलं. तरी कुणी त्या कामाला परत गेलं नाही. तेव्हापासून जवळपास तीस वर्षं वस्तीतलं माणूस त्या बाजूला पाऊल टाकत नव्हतं.

मी सायकल आडवी घातली. "भाऊ, तिथं जायाचं नाही. मावसाजीनं उपाशी राहून ते सोडलं."

"बाबानं काम सोडलं. जागा नाही सोडली," ते म्हणाले. "आपल्याले जिथं फक्त ओढाले बोलवत, तिथं मी पाहाले चाललो. येतो का बोल."

गेलो. तिथल्या धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, बसलो. थोड्या वेळानं गावातले एक मोठे शेतकरी आपल्या दोन जवान मुलांसह मेलेला बैल दोरानं ओढत आले. घामाघूम झाले होते. भाऊंना पाहून थांबले. "काय मनोहर, आला का वापस कामावर? धर मंग दोर!" मुलं खिदळली. माझ्या मुठी वळल्या. भाऊंनी दुर्बीण डोळ्यावरून काढलीही नाही. "बैल तुमचा हाय, काका. तुमीच ओढा. पर जरा उघड्यावर टाका. पाखराले उतराले बरं पडते."

त्यांनी बैल टाकला, उघड्यावरच. आम्ही वाट पाहत राहिलो. आधी साधी गिधाडं आली, मग भांडणं, पंखांची फडफड... आणि मग ते उतरलं. बाकीची मागं सरकली. भाऊंनी माझं मनगट इतकं आवळलं की वळ उठला. मोजणी पुढं गेली होती.

काकांना राहवलं नाही. जवळ येऊन त्यांनी हात पुढं केला. "काय दिसून राहिलं बे? मले दाखव."

"हात धुवून या काका," भाऊ शांतपणे म्हणाले. "काच खराब होते."

या गावात आजवर आम्हाला दूर उभं करून वरून पाणी ओतत आले होते... काका नाल्यावर गेले, हात धुऊन आले. भाऊंनी दुर्बीण दिली, कुठं पाहायचं ते दाखवलं. काकांनी ती परत करताना "हं" एवढंच म्हटलं. माझ्या कुठल्याच पत्रकानं त्या गावात एवढं घडवलं नव्हतं, आणि हे मी आनंदानं लिहितो आहे.

परवा भाऊंच्या गावी त्यांच्या पत्नीला, सुमनवहिनींना, भेटायला गेलो. घराला कुलूप. शेजारीण म्हणाली, बाई सकाळीच ढोरं टाकायच्या जागेजवळच्या धुऱ्याकडे गेल्या. मी धावलो. वहिनी एकट्या बसल्या होत्या, पदर खोचून, भाऊंची दुर्बीण हातात घेऊन, वर पाहत. वाटेनं जाणाऱ्या कुणी तरी टोकलं, "काहो बाई, तुमी अन् इथं?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण वहिनींनी मान न वळवताच सांगितलं, "इथंच. डिसेंबर सरला नाही अजून."