चहा घ्यायचा का?

बाबांनी आईला कधी हुकूम सोडला नाही, असं नातेवाईक कौतुकानं सांगतात. खरंच आहे. ते फक्त विचारायचे, "चहा घ्यायचा का?" आणि आई हातातलं काम ठेवून उठायची. हुकूम मोडता तरी येतो. इतक्या मऊ प्रश्नाला नाही कसं म्हणायचं?

काल माहेरी गेले होते. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर आई खिडकीशी खुर्चीत पाय लांब करून बसली होती. बाहेर बघत ती सहज म्हणाली, "चहा घ्यायचा का?"

मी उठणार, तेवढ्यात बाबा पेपर बाजूला ठेवून स्वयंपाकघरात गेले. डबे उघडल्याचे आवाज बराच वेळ येत राहिले.

"अगं, साखर कुठे असते?"

"तिथेच आहे, बघा नीट," आई म्हणाली, आणि उठली नाही.